सचिनची सेंच्युरी आणि हरलेली मॅच : भाऊबीजेच्या एका वादाचा अभ्यास

१५ नोव्हेंबर २०२३. त्या वर्षी भाऊबीज आणि वर्ल्डकपची सेमीफायनल एकाच दिवशी आली होती. आम्ही सगळे डोंबिवलीला आत्याकडे जमलो होतो. ओवाळणं, जेवणं आटोपली होती, फराळाची ताटं मध्ये ठेवलेली आणि टीव्हीवर वानखेडेवरची न्यूझीलंडविरुद्धची मॅच. संध्याकाळी कोहलीने पन्नासावं एकदिवसीय शतक पूर्ण केलं आणि स्टँडमध्ये बसलेल्या सचिनच्या दिशेने वाकून नमस्कार केला. बाबांचे डोळे भरून आले. तेवढ्यात आतेभाऊ म्हणाला, "चला, आता शंभर झाले की मॅचही जिंकायची सवय लागेल आपल्याला. सचिनने सेंच्युरी केली की आपण हरायचोच."

हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या माणसाने ऐकलंच नसेल असं होणार नाही. लोकलच्या डब्यात, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत ते कुठूनही येतं आणि आलं की माणसं दोन्ही बाजूंना वाटली जातात. मीही असा वाद वीस वर्षं घातला आहे. त्या दिवशी मात्र तो पहिल्यांदाच कागदावर उतरला, म्हणून तो सुरुवातीपासून लिहून ठेवतो आहे. कोण काय बोललं, कुठे घसरलं आणि मोजल्यावर काय निघालं, हे सगळं. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना हे वाचून दाखवलं आहे आणि त्यांची हरकत नाही.

माणसं थोडीच. आतेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणतो. वहिनी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात. त्यांची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा बारावीत. बाबा गावसकरांच्या पिढीचे. आणि मी सचिनचा, अगदी शाळेपासूनचा.

वाद कसा चालला

दादाच्या वाक्यावर पहिलं उत्तर मी दिलं. ते असं होतं : "तू आयुष्यात कधी सीझन बॉल खेळलायस का?"

हे उत्तर नव्हतं. दादाने एक विधान केलं होतं, ते खरं असेल किंवा खोटं असेल, आणि त्याने बॅट हातात धरली की नाही याने त्यात काही बदल होत नाही. पण तेव्हा माझ्या हे लक्षात आलं नाही. उलट आत्या हसली म्हणून मला वाटलं, पहिली फेरी आपण मारली.

दादाने पुरावा दिला. "चेन्नई, नव्व्याण्णव. पाकिस्तान. बारा रन्सनी हरलो. हैदराबाद, एकशे पंचाहत्तर केले, तीन रन्सनी हरलो. नागपूर, वर्ल्डकप, साउथ आफ्रिका. आणि शंभरावं शतक? बांगलादेशकडून हरलो!" चारही गोष्टी खऱ्या आहेत. तारखाही त्याला पाठ होत्या. ऐकणाऱ्यावर अशा यादीचा दाब पडतो. चार नावं एका दमात आली की वाटतं, अशी चाळीस असणार.

मी माझी यादी काढली. शारजाची फायनल, ग्वाल्हेरचं द्विशतक, सिडनी २००८. त्याही सगळ्या खऱ्या. म्हणजे आता दोन खऱ्या याद्या समोरासमोर उभ्या होत्या, आणि जो जास्त मोठ्याने बोलेल त्याची यादी लांब वाटणार होती. मग मी भारतरत्न काढलं. देशाने उगाच दिलं का? दादा म्हणाला, ते तर भावनेच्या भरात दिलं. बाबा मध्ये पडले आणि म्हणाले, हेल्मेट नसताना खेळून दाखवा मग बोला. त्यावर दादाने गावसकरांच्या १९७५ सालच्या लॉर्ड्सवरच्या १७४ चेंडूंतल्या नाबाद ३६ धावा काढल्या. बाबा दुखावले. एका डावावरून एका माणसाची सगळी कारकीर्द मोजायची, हेच तर आम्ही आधीपासून करत होतो, फक्त माणूस बदलला.

अर्ध्या तासात आम्ही सचिनच्या शतकांवरून निघून हेल्मेट, भारतरत्न, कोहलीचा स्वभाव आणि 'मुंबईकर म्हणून तुम्ही त्याची बाजू घेता' इथपर्यंत पोचलो होतो. दादा डोंबिवलीतच लहानाचा मोठा झाला आहे, तरी हे वाक्य त्याने उच्चारलं. मूळ विधान मात्र जिथे होतं तिथेच होतं. त्याला कोणी हातही लावला नव्हता.

वहिनींनी विचारलेलं

वहिनी चकल्या मोजून डब्यात भरत होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, सचिनच्या एकूण सेंच्युरी किती? आणि त्यातल्या किती मॅचेस हरलो?"

मी म्हटलं, वनडेत ४९. हरलेल्या माहीत नाहीत, पण फार नसतील.

"आणि हे काय म्हणतात?"

"निम्म्याहून जास्त हरलो," दादा म्हणाला.

"दोघंही आधी आकडा लिहून द्या. मग बघू." त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान पुतणीच्या हातात दिलं. दादाने लिहिलं २५. मी लिहिलं ६.

या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी पाऊल मला हेच वाटतं. आधी आकडा लिहिला नसता, तर खरा आकडा बघितल्यावर दोघंही म्हणालो असतो, 'मी तेच म्हणत होतो.' आकड्याला चिकटवायला प्रत्येकाकडे काहीतरी शब्द असतातच. कागदावर आपल्याच अक्षरात लिहिलेला आकडा मागे घेता येत नाही.

खरा आकडा १४. दादा अकराने चुकला, मी आठने. त्या क्षणापर्यंत माझी खात्री होती की या खोलीत चुकीच्या समजुतीचा माणूस एकच आहे.

कागदावर काय आलं

पुतणीने फोनवर नोंदी काढल्या आणि चार खाने आखले. सचिन ४६३ एकदिवसीय सामने खेळला. त्यांतले २३४ भारताने जिंकले, २०० हरले, ५ बरोबरीत सुटले आणि २४ सामन्यांचा निकाल लागला नाही.

शतक झालेले सामने ४९. जिंकले ३३, हरले १४, एक बरोबरीत (बंगळुरूचा २०११ चा इंग्लंडविरुद्धचा), एकाचा निकाल नाही.

शतक न झालेले सामने ४१४. जिंकले २०१, हरले १८६, चार बरोबरीत, २३ निकालाविना.

नुसत्या १४ कडे बघून काही कळत नाही. चौदा म्हणजे बरेच झाले, असं दादा म्हणू शकतो, आणि फक्त चौदा, असं मी. खालची ओळ लिहिली तेव्हा १४ ला अर्थ आला. शतक केलं तेव्हा भारत साधारण २९ टक्के सामने हरला. शतक नव्हतं तेव्हा साधारण ४५ टक्के. जिंकण्याचं प्रमाण एकीकडे ६७ टक्के, दुसरीकडे ४९. 'सचिनने शतक केलं की आपण हरायचो' हे विधान दादाने ज्या रूपात केलं होतं त्या रूपात ते खोटं आहे. शतक झालं की हरण्याची शक्यता कमी व्हायची.

कसोटीतही तोच कल. २०० कसोटींत ७२ विजय, ५६ पराभव, ७२ अनिर्णित. शतक झालेल्या ५१ कसोटींत २० विजय, २० अनिर्णित, ११ पराभव. शंभर शतकांपैकी हरलेले सामने २५, म्हणजे चारांतला एक.

दादाने लगेच पहिली रास्त शंका काढली : "यात केनिया-बिनिया किती?" चार केनियाविरुद्ध आणि एक नामिबियाविरुद्ध, पाचही जिंकलेले. ते काढले तर ४४ शतकांत २८ विजय, म्हणजे साधारण ६४ टक्के. आकडा खाली आला, पण फार नाही. शिवाय हे संघ शतक नसलेल्या खान्यातूनही काढायला हवेत, आणि काढले तर तिथलं जिंकण्याचं प्रमाणही आणखी खाली जाईल. पुतणीने हे आमच्याआधी सांगितलं.

दादाला तसं वाटत का होतं

इथे बहुतेक लोक थांबतात. खोटं ठरलं, विषय संपला. पण ज्या माणसाला सामन्यांच्या तारखा पाठ आहेत, त्याचा अंदाज एवढा कसा चुकतो? दादा काही सचिनद्वेष्टा नाही. १९९६ साली त्याने त्याच्या खोलीत सचिनचं भलंमोठं पोस्टर लावलं होतं. ते मी पाहिलं आहे.

वहिनींनी लॅबमधलं सांगितलं. "पावसाळ्यात दिवसभर आमच्याकडे बसलं ना, तर वाटेल अख्ख्या डोंबिवलीला डेंग्यू झालाय. ज्यांना ताप नाही ते लॅबमध्ये येतच नाहीत."

त्यावर आत्या म्हणाली, "हा तर सचिन आउट झाला की टीव्हीच बंद करायचा."

मला वाटतं गाठ तिथे सुटली. नव्वदच्या दशकात आमच्या पिढीतल्या कित्येक घरांत हेच चालायचं. सचिन बाद झाला की बटण दाबायचं, मुलं खाली खेळायला जायची. सचिन पाचावर बाद झाला आणि भारत हरला, असे कितीतरी सामने दादाने शेवटपर्यंत पाहिलेच नाहीत. त्या पराभवांना त्याच्या मनात चेहरा नाही. जे पराभव त्याने शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिले, ते सचिन खेळत राहिला तेव्हाचेच, कारण तो खेळत होता म्हणून तर टीव्ही चालू होता. तापाची माणसंच लॅबमध्ये यावीत तसे सचिनच्या मोठ्या खेळीचे पराभवच दादाच्या आठवणीत पोचले. त्या १८६ पराभवांतला एकही त्याने यादीत घेतला नाही, कारण त्याच्या लेखी ते सचिनचे पराभव नव्हतेच.

चेन्नईचं तो वेगळ्या आवाजात बोलला. ३१ जानेवारी १९९९, रविवार. ती कसोटी होती. पाकिस्तानविरुद्ध जिंकायला २७१ हवे होते आणि ८२ धावांत ५ बाद. सचिन आणि मोंगियाने १३६ ची भागी केली. सचिनची पाठ दुखत होती, ते टीव्हीवर दिसत होतं. तो १३६ वर सकलेनला बाद झाला तेव्हा ७ बाद २५४, विजयाला १७ हव्या. जोशी, कुंबळे, श्रीनाथ चार धावांत गेले. २५८. "मी त्या रात्री जेवलो नाही," दादा म्हणाला. आणि मग, "एवढं केलंस, सतरा राहिले होते, ते पण कर ना."

हा हिशेब दुखावलेल्या माणसाचा आहे आणि मला तो कळतो. पण तो उलटा आहे. ८२ धावांवर पाच जण बाद झाले त्यांना कोणी काही विचारत नाही, शेवटचे तिघं चार धावांत गेले त्यांनाही नाही. जो १३६ करून गेला त्यालाच राहिलेल्या सतरांचा जाब. ज्याने जास्त दिलं त्याच्याकडेच उरलेलं मागायचं, हे आपण घरातसुद्धा करतो.

आठवणीत न उरलेली सचिनची शतकं कोणती, हे बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याची नऊ एकदिवसीय शतकं आहेत. सात सामने जिंकले, दोन हरले. दादाला आणि मला, दोघांनाही, यातली कुठली चटकन आठवली? शारजाचे १४३ आणि १३४, सिडनीचे नाबाद ११७ आणि हैदराबादचे १७५. हरलेली दोन्ही या चारांत आहेत. इंदूरचे १३९, ढाक्याचे १४१ (शिवाय त्याच सामन्यात चार बळी), कानपूर, ग्वाल्हेर, कोलंबो ही पाच जिंकलेली शतकं कागदावर नावं येईपर्यंत कोणाच्या तोंडी नव्हती. चांगला जिंकलेला सामना विसरला जातो. चटका लावून गेलेला राहतो.

आणि शारजाच्या १४३ चं काय करायचं? २२ एप्रिल १९९८ चा तो सामना नोंदीत हरलेला आहे, २६ धावांनी. पण त्याच खेळीमुळे धावगतीवर भारत फायनलला पोचला आणि दोन दिवसांनी, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवशी, ती फायनल जिंकला. चौदातला एक पराभव असाही आहे.

दादाचं काय बरोबर होतं

आकडे बघून झाल्यावर मला विजयाची चव येऊ लागली होती. तेवढ्यात दादाने विधान बदललं. "बरं, सगळ्या नाही. पण मोठ्या मॅचमध्ये सेंच्युरी केली की हरायचो."

माझी पहिली प्रतिक्रिया ही की हा पळतोय. वादात हरला की माणूस गोलचे खांबच हलवतो, आणि तो खरंच हलवत होता. पण नवं विधानही विधानच आहे, तेही मोजता येतं, आणि ते न मोजता 'तू विषय बदललास' एवढ्यावर थांबणं हाही एक प्रकारचा पळ झाला असता. वहिनींनी मोजायला लावलं.

मोठी मॅच म्हणजे फायनल धरली तर दादा साफ हरतो. एकदिवसीय स्पर्धांच्या फायनलमध्ये सचिनची सहा शतकं आहेत आणि सहाही सामने भारताने जिंकले. पहिलं शारजाचं १९९८ मधलं ऑस्ट्रेलियाविरुद्धचं, शेवटचं कोलंबोचं २००९ मधलं, १३८ धावांचं.

मोठी मॅच म्हणजे पाकिस्तान धरली, तर मी हरतो. पाकिस्तानविरुद्ध त्याची पाच एकदिवसीय शतकं. सिंगापूर १९९६ हरलो. शारजा १९९६ जिंकलो. रावळपिंडी २००४ हरलो, अहमदाबाद २००५ हरलो, पेशावर २००६ हरलो. पाचांत चार पराभव. मला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणण्यापेक्षा, प्रत्येक सामना वेगवेगळा माहीत होता, पण कधी एका ओळीत मांडला नव्हता, मांडायचा नव्हता.

आणि वर्ल्डकप. तिथे सहा शतकं. केनियाविरुद्ध दोन आणि नामिबियाविरुद्ध एक, तिन्ही जिंकले. दिल्लीत श्रीलंकेविरुद्ध १३७, हरलो. बंगळुरूत इंग्लंडविरुद्ध १२०, बरोबरी. नागपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११, हरलो. म्हणजे कसोटी खेळणाऱ्या देशाविरुद्ध वर्ल्डकपमध्ये सचिनने शतक केलं आणि भारत जिंकला, असं एकदाही झालं नाही.

आमच्या घरात, शेजारीपाजारी, सगळ्यांनी मिळून बघितलेले सामने कुठले? पाकिस्तानविरुद्धचे आणि वर्ल्डकपचेच. ज्या सामन्यांना गल्ली ओस पडायची, त्या सामन्यांपुरती दादाची आठवण खरी होती. ती त्याने ४९ वर पसरली, इथे चूक झाली. मी ४९ चा आकडा घेऊन त्या मोजक्या सामन्यांतलं त्याचं दुःखही खोटं ठरवायला निघालो होतो, ती माझी चूक.

'हरलो' कळलं, 'त्याच्यामुळे हरलो' हे वेगळं काम आहे. पेशावरला भारताने ३२८ केल्या होत्या आणि अपुऱ्या उजेडामुळे खेळ थांबला तेव्हा डकवर्थ-लुईसच्या हिशेबाने सात धावांनी हरला. अहमदाबादला ४८ षटकांत ३१५ केल्या, इंझमामने शेवटच्या चेंडूवर चौकार मारला. ते शेवटचं षटक सचिनच टाकत होता, म्हणजे त्या दिवशी शतकही त्याचं आणि शेवटचा चेंडूही त्याचाच. दिल्लीत २७१ चा पाठलाग श्रीलंकेने आठ चेंडू राखून केला, प्रभाकरच्या चार षटकांत ४७ गेल्या. नागपूरला १ बाद २६७ वरून सगळे २९६ वर बाद. नऊ गडी २९ धावांत. त्यातला एक सचिन, आठ इतर. रावळपिंडीत ३३० चा पाठलाग होता, सचिनचे १४१, बारा कमी पडले. हैदराबादला ३५१ चा, सचिनचे १७५, तीन कमी पडले, आणि त्याच्यानंतरची सर्वोच्च धावसंख्या रैनाची ५९.

एका सामन्यात मात्र दादाचा आरोप मला खोडता आला नाही. मीरपूर, १६ मार्च २०१२. शंभरावं शतक. ११४ धावा, १४७ चेंडू. भारत २८९, आणि बांगलादेश पाच गडी राखून जिंकला. नागपूरनंतर वर्षभर त्या एका शतकाची वाट बघून सगळा देश दमला होता, तोही दमला असणार. त्या दिवशी तो संथ खेळला आणि त्याची किंमत संघाने मोजली, असं दादा म्हणतो. मी आजवर त्याच्यासमोर ते मान्य केलं नव्हतं. त्या संध्याकाळी केलं.

माझ्या बाजूचं खोटं

दादाच्या चुका लिहिणं सोपं होतं, माझ्या लिहायला वेळ लागला.

सचिनची सरासरी जिंकलेल्या सामन्यांत ५६ च्या पुढे आणि हरलेल्यांत ३३ च्या आसपास आहे. हा आकडा मी कित्येक वर्षं मित्रांच्या तोंडावर फेकत आलो आहे : बघा, तो खेळला की आपण जिंकतो. त्या संध्याकाळीही फेकला. पुतणी म्हणाली, "काका, पण जिंकलेल्या मॅचमध्ये सगळ्याच बॅट्समनची सरासरी जास्त नसणार का? धावा झाल्या म्हणून तर जिंकले."

बरोबर आहे तिचं. जिंकलेले सामने वेगळे काढले की चांगले दिवसच वेगळे निघतात. त्या आकड्याने सचिन इतरांपेक्षा वेगळा ठरत नाही, त्यासाठी त्याच काळातल्या बाकी फलंदाजांशी ताडून बघावं लागेल. मी ते कधी केलं नव्हतं. आकडा माझ्या बाजूचा होता, एवढंच मला पुरेसं होतं. खरं तर शतकांच्या तक्त्यालाही तीच शंका लागू आहे. शतक झालं की जिंकण्याचं प्रमाण वाढतं, हे जवळजवळ कुठल्याही चांगल्या फलंदाजाबद्दल खरं असणार. तक्त्याने दादाचं विधान खोटं पाडलं. सचिनचं थोरपण त्याने सिद्ध झालं नाही, आणि ते मी त्यातून काढू पाहत होतो.

कोहलीशी तुलनाही तशीच अर्धवट सुटली. ४९ शतकांना ४६३ सामने, ५० ला २९१, एवढं म्हणून दादाने विषय मिटवला होता. सचिनचं पहिलं शतक ७९ व्या सामन्यात आलं, कारण १९९४ मध्ये ऑकलंडला सलामीला जाईपर्यंत तो मधल्या फळीत खेळत होता, हे मी सांगितलं. दोन्ही खरं आहे. यावर आणखी खोलात आम्ही गेलो नाही, कारण शमी एकेक गडी टिपत होता आणि सगळे टीव्हीकडे वळले. सात बळी, ७० धावांनी विजय.

निघताना दादाने तो कागद मागून घेतला.

चार दिवसांनी अहमदाबादची फायनल झाली. कोहली ५४, भारत २४०, हेडचे १३७. रात्री दादाचा फोन आला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "टॉस हरलो म्हणून गेलं," आणि लगेच, "नाही, थांब, हे मोजलेलं नाही."

पुढच्या भाऊबीजेला

३ नोव्हेंबर २०२४. पुन्हा भाऊबीज, पुन्हा आत्याचं घर, आणि त्याच दिवशी दुपारी वानखेडेवर भारत १४७ चा पाठलाग करताना १२१ वर बाद झाला. मालिका न्यूझीलंडने तीन-शून्य नेली. घरात सुतक असावं तसं वातावरण. पंतचे ६४ वाया गेले आणि 'पंतने धावा केल्या की आपण हरतो' हे वाक्य कोणीतरी उच्चारलंच. दादाने नाही.

आमचं दोघांचं जुनं काम राहिलं होतं. 'मोठी मॅच' म्हणजे काय, हे आकडे बघण्याआधी लिहायचं, असं वर्षभरात कधीतरी ठरलं होतं. आदल्या वर्षी आम्ही आकडे बघत बघत व्याख्या बदलली होती. मी फायनलकडे ओढत होतो, तो पाकिस्तानकडे, जो तो आपल्या सोयीच्या खान्याकडे. या वेळी दोघांनी दोन खोल्यांत बसून कागदावर लिहिलं. माझ्या कागदावर चार प्रकार होते, त्याच्या कागदावर तीन. दोन्हीकडे समान निघाला तो एकच : वर्ल्डकपचे बाद फेरीतले सामने.

पुतणीने ते काढले. आता ती कॉलेजात आहे, तरी हे काम तिचंच. १९९६ ची क्वार्टर फायनल ३१, सेमीफायनल ६५. २००३ ची सेमीफायनल ८३, फायनल ४. २०११ ला ५३, ८५ आणि फायनलला १८. सात सामने, पाच विजय, दोन पराभव, आणि शतक एकही नाही.

दादा कागदाकडे बघत राहिला. ज्या सामन्यांना आम्ही दोघांनी मिळून मोठे म्हटलं होतं, तिथे त्याचं वाक्य लागूच होत नव्हतं आणि माझंही नाही. हरवायला किंवा जिंकवायला तिथे शतक नव्हतंच.

"म्हणजे शतकावरून भांडलो तेच चुकलं," तो म्हणाला. त्याने आपल्या कागदावरचा 'शतक' हा शब्द खोडला, त्याच्याखाली 'पन्नास' लिहिलं आणि कागद पुतणीकडे सरकवला. "पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया वेगळे काढ. आणि आउट झाला तेव्हा किती रन्स हवे होते, तेही लिही."